टोपली विणायला शिकावं की रानातलं ओळखून खायला?

दोन्हीची ओढ आहे, पण सवड एकाचीच, असा पेच असेल तर आधी हे बघा: चूक झाली तर काय होतं?

टोपली चुकली तर उसवायची. एकाच वेताने आत-बाहेर विणताना उभ्या काड्यांची संख्या विषम हवी. ती सम असली तर दुसऱ्या फेरीत वेत पहिल्याच वाटेने जातो आणि वीण बसत नाही. नुकसान तेवढंच.

रानात चुकीला माफी नाही. रानगाजर आणि त्याच्यासारखीच दिसणारी विषारी हेमलॉक वनस्पती सहज फसवतात. रानगाजराचा देठ लवदार. हेमलॉकचा गुळगुळीत, जांभळ्या डागांचा. डेथ कॅप अळंबीचं विष तर शिजवूनही जात नाही, आणि त्रास बहुधा 6 ते 24 तासांनी सुरू होतो, म्हणजे विष अंगात भिनल्यावर. फोनवरच्या अ‍ॅपवर विसंबू नका. जाणकार सोबत हवाच.

खर्च दोन्हीकडे बेताचा. विणायला सुरी, कात्री, टोचा पुरतो. विणण्याआधी काड्या भिजवून लवचिक कराव्या लागतात. वेत लवकर भिजतो, सालासकट वाळलेल्या विलो झाडाच्या काड्यांना मात्र कित्येक दिवस लागतात.

पहिली ओबडधोबड टोपली दिवसभरात हाती येते. रानाला निदान एक वर्ष द्या, कारण तीच वनस्पती कोवळी असताना, फुलावर आल्यावर आणि बी धरल्यावर वेगळी दिसते.

घरी बसून सराव करायचा असेल, लहान मुलं सोबत असतील, तर टोपलीच घ्या. एकाच वाटेवर ऋतूमागून ऋतू फिरायची चिकाटी आणि शंका आली की हातातलं टाकून द्यायची तयारी असेल, तर रान.