जावा ॲपसाठी घेतलेला व्हीपीएस: मशीन झकास, फायरवॉलचं पॅनल म्हणजे डोक्याला ताप

हा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, सात महिने वापरतोय, म्हणून आता लिहितो. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर एक स्टार आणि वरून चार शिव्या गेल्या असत्या, तेव्हा हात आवरला तेच बरं झालं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण निम्म्या चुका माझ्याच होत्या आणि उरलेल्या निम्म्या अशा आहेत की थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी सापडतील.

माझं काम साधंच होतं. स्प्रिंग बूटचं (जावाचं फ्रेमवर्क) एक ॲप, जावा १७ वर, पुढे एनजिनएक्स, म्हणजे बाहेरची रिक्वेस्ट घेऊन ॲपकडे देणारा वेब सर्व्हर, मागे ह्याच लोकांचा मॅनेज्ड पोस्टग्रेस, म्हणजे त्यांनीच सांभाळलेला डेटाबेस. आधी हे सगळं एका जुन्या मशीनवर चालायचं, तिथून इकडे उचलून आणलं.

मशीनबद्दल तक्रार शून्य. डिस्क फास्ट आहे, रीबूट मारला की मिनिटाच्या आत परत उभं, सात महिन्यात एकदाच बंद पडलं आणि त्याचा मेल चार दिवस आधी आला होता. बास, ह्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. खरी गंमत नेटवर्कची.

पहिला दिवस. ॲप टाकलं, लॉगमध्ये स्वच्छ आलं की टॉमकॅट (ॲपच्या आतला वेब सर्व्हर) ८०८० पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर, सुरू झाला. एसएसएच करून (लांबून सर्व्हरच्या कमांड लाइनवर जाऊन) सर्व्हरवरूनच कर्ल मारला, म्हणजे कमांडने पेज मागितलं, तर उत्तर येतंय. बाहेरून ब्राउझर उघडला तर नुसता गोल गोल फिरतोय, फिरतोय, आणि मग टाइमआउट. म्हटलं एनजिनएक्स नंतर बघू, आधी हे ८०८० तरी थेट उघडू दे, आणि इथून पुढे दोन रात्री गेल्या.

आधी माझं पाप सांगतो. जुन्या मशीनवरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये सर्व्हर डॉट ॲड्रेस १२७.०.०.१ ठेवलेला, म्हणजे ॲप फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकणार, बाहेरच्याचं नाही. तिथे ते बरोबर होतं कारण एनजिनएक्स त्याच मशीनवर होता. एसएस कमांड (कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते दाखवणारी) मारल्यावर ते दिसलं, काढून टाकलं, रिस्टार्ट मारला, आणि बाहेरून परत तेच, गोल गोल. मग नेटस्टॅटमध्ये (तशीच जुनी कमांड) बघितलं तर प्रोटोकॉलच्या जागी टीसीपी६ लिहिलेलं. झालं, मला वाटलं ॲप फक्त आयपीव्ही६ वर, म्हणजे नव्या पद्धतीच्या नेट पत्त्यांवरच ऐकतंय, म्हणून जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या इंजिनला) जुनं आयपीव्ही४ च वापर असं सांगणारा प्रेफर-आयपीव्ही४-स्टॅकवाला फ्लॅग टाकला. एक तास त्यात गेला. नंतर कळलं की लिनक्सवर जावा असंच दाखवतं, तो एकच सॉकेट (जोडणीचं टोक) आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही घेतो, टीसीपी६ दिसलं म्हणून काही बिघडलेलं नसतं. (हे शाळेत शिकवायला पाहिजे राव.)

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर लवकर येतं, अर्ध्या तासात, त्याचे मार्क द्यायलाच पाहिजेत. पण उत्तर काय, तर "आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे, कृपया आपलं ॲप्लिकेशन ०.०.०.० वर बाइंड आहे का तपासा". ०.०.०.० वर बाइंड म्हणजे बाहेरच्यांसकट सगळ्यांचं ऐकणं, तर मी एसएसचं आउटपुट चिकटवलं, बाइंड आहे म्हणून. दुसरं उत्तर दुसऱ्याच माणसाचं, "कृपया ॲप्लिकेशनचा लॉग पाठवा". लॉग पाठवला. तिसरं उत्तर, "कृपया ०.०.०.० वर बाइंड आहे का तपासा". आता ह्याला काय म्हणायचं.

रात्री साधारण दीडला शिफ्ट बदलली असावी, कारण चौथं उत्तर एका ओळीचं आलं: सर्व्हरवर टीसीपीडम्प लावा, बाहेरून कनेक्ट करा आणि सिन पॅकेट येताना दिसतंय का सांगा. बस एवढंच. (टीसीपीडम्प मशीनवर येणारी-जाणारी पॅकेट दाखवतो, सिन म्हणजे कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट.) ह्या माणसाला मी पाचपैकी सहा स्टार देईन.

टीसीपीडम्प लावला, मोबाईलच्या नेटवरून पेज उघडलं, स्क्रीन कोरीच्या कोरी. एकही ओळ नाही. आता ह्याचा अर्थ सांगतो कारण मला तो तेव्हा खरंच नीट माहीत नव्हता. टीसीपीडम्प पॅकेट पकडतो ते मशीनच्या स्वतःच्या फायरवॉलच्या आधी. म्हणजे तुमच्या आयपीटेबल्सने (लिनक्सच्या आतल्या फायरवॉलने) पॅकेट टाकून दिलं तरी ते टीसीपीडम्पमध्ये आलेलं दिसतंच. तिथे काहीच दिसत नसेल तर पॅकेट मशीनपर्यंत पोचलेलंच नाही, मग ॲप, जावा, बाइंड, सगळं तपासून उपयोग शून्य, अडथळा बाहेर आहे. आणि सिन दिसतंय पण परत काही जात नाहीये, तर मशीनचीच फायरवॉल बघायची.

खरं तर ह्याच्याही आधी एक खूण होती आणि ती मी पहिल्या तासापासून डोळ्यासमोर असून बघितली नाही. कनेक्शन रिफ्यूज्ड आणि कनेक्शन टाइम्ड आउट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिफ्यूज्ड लगेच येतं, साधारणपणे त्याचा अर्थ पॅकेट मशीनवर पोचलं आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) सांगितलं की ह्या पोर्टवर कोणी नाही. टाइम्ड आउट म्हणजे कोणी काही बोललंच नाही, कुठेतरी गुपचूप गिळलं. जावामध्ये कनेक्ट टाइमआउट दिला नसेल तर लिनक्स स्वतःच सिन परत परत पाठवत बसतो, नेहमीच्या सेटिंगला ६ वेळा, आणि मग जवळजवळ १२७ सेकंदांनी एक्सेप्शन फेकतो. माझं दोन मिनिटं लटकायचं ते ह्याचमुळे. फक्त बाइंडची चूक असती तर तडक रिफ्यूज्ड आलं असतं. म्हणजे दाराला दोन कड्या होत्या, आतली मी काढली आणि बाहेरचीच्या नावाने जावाला शिव्या घालत बसलो.

बाहेरची कडी म्हणजे ह्यांच्या पॅनलमधली नेटवर्क फायरवॉल. बरं ती मला माहीत होती! पहिल्याच दिवशी तिथे जाऊन ८०८० चा नियम मी टाकलेला, आणि नियमाच्या शेजारी हिरवा टिक, "ॲक्टिव्ह". पण हे पॅनल नियमांचा ग्रुप वेगळा बनवतं आणि तो ग्रुप मशीनला वेगळा अटॅच करावा लागतो, दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन. माझा ग्रुप ॲक्टिव्ह होता आणि शून्य मशीनना लागू होता. मशीनला त्यांचा डिफॉल्ट ग्रुप लागलेला, ज्यात मोजकेच पोर्ट उघडे. शून्य मशीन असलेल्या ग्रुपला हिरवा टिक दाखवणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय मला. आणि पहिल्या तीन उत्तरवाल्यांना त्यांच्या बाजूने हे एका क्लिकवर दिसत असणार, तरी "आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित".

अटॅच केलं, पेज उघडलं, झोपलो. नंतर एनजिनएक्स पुढे आल्यावर ८०८० बाहेरून बंद करून फक्त ४४३ (एचटीटीपीएसचा पोर्ट) ठेवला, तेच योग्य आहे, आणि ॲपचा ॲड्रेस परत १२७.०.०.१ केला. म्हणजे ज्या ओळीला मी पाप म्हटलं ती शेवटी जागच्या जागी परत.

पुढचा किस्सा वेब कन्सोलचा, आणि इथे सर्व्हिसला मनापासून मार्क. उत्साहाच्या भरात मशीनवरची यूएफडब्ल्यू (आयपीटेबल्सचे नियम सोपे करणारी फायरवॉल) पण चालू केली. चालू करण्याआधी ओपनएसएसएचचं प्रोफाइल (तयार नियम) अलाऊ केलं, तेवढी अक्कल होती. पण माझा एसएसएच २२२२ वर चालतो आणि ते प्रोफाइल २२ चं आहे. चालू करताना तो विचारतो सुद्धा, चालू असलेली एसएसएच कनेक्शन तुटू शकतात, पुढे जाऊ का, आणि मी वाय दाबलं, जसं आपण सगळे दाबतो. चालू सेशन तसंच राहिलं त्यामुळे कळलंच नाही. लॅपटॉप बंद केला, सकाळी उघडला, दार बंद.

अशा वेळी पॅनलमधली वेब कन्सोल हा एकच रस्ता, ती मशीनच्या नेटवर्कमधून जात नाही, थेट मशीनचा स्क्रीन आणि कीबोर्ड असल्यासारखी असते. पाच सेकंदात उघडली, शाबास. पण पासवर्ड काही लागेना. तीस अक्षरांचा पासवर्ड, पेस्ट चालत नाही, टाइप करताना काही दिसत नाही. पाच-सहा वेळा झाल्यावर सुचलं म्हणून लॉगिनच्या नावाच्या जागी तो पासवर्ड टाइप करून बघितला, तिथे अक्षरं दिसतात ना, तर ॲटच्या जागी डबल कोट उमटत होता. कन्सोलचा कीबोर्ड ब्रिटिश लेआउटवर, माझा अमेरिकन. शिफ्ट दोनच्या जागी कोटवालं बटण दाबलं आणि आत. हे ट्रिक लक्षात ठेवा, फक्त आजूबाजूला कोणी नसताना करा आणि नंतर पासवर्ड बदला, कारण चुकीचं युजरनेम लॉगमध्ये जाऊन बसू शकतं.

ह्यांच्या इमेजमध्ये अजून एक बारीक खोट आहे. मशीनला नाव पॅनलमधून मिळतं पण होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या नावाचा कुठला पत्ता ते लिहिलेली फाइल) त्या नावाची ओळ टाकत नाहीत. माणसाला फरक पडत नाही, जावाला पडतो. ॲप उठताना स्वतःचं होस्टनेम विचारतं, ते फाइलमध्ये नाही म्हणून डीएनएसकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे) जातं, तिथे बराच वेळ थांबून हात हलवत परत येतं. स्प्रिंग बूट बिचारं लॉगमध्ये सांगतं पण, गेट-लोकल-होस्टला इतके मिलिसेकंद लागले, नेटवर्क कॉन्फिगरेशन तपासा म्हणून, आपण ती वॉर्निंग स्क्रोल करून पुढे जातो. एक ओळ टाकली, ॲप आधीपेक्षा दहा सेकंद लवकर उठायला लागलं.

आता मॅनेज्ड डेटाबेस, ज्याचे मी मार्क कापणार आहे. रोज सकाळी पहिला माणूस लॉगिन करायचा आणि अर्धा मिनिट लटकून एरर, मग दिवसभर सगळं मस्त. लॉगमध्ये हिकारी (डेटाबेसची कनेक्शन उघडी धरून पुन्हा वापरायला देणारा पूल) सांगत होता की कनेक्शन व्हॅलिडेट झालं नाही, मॅक्स लाइफटाइम कमी करून बघा. कारण असं निघालं की ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये त्यांचं जे काही बसलंय ते १० मिनिटं गप्प असलेलं कनेक्शन विसरून जातं, आणि दोन्ही बाजूंना सांगत नाही. हिकारीला वाटतं कनेक्शन जिवंत आहे, त्याचं डिफॉल्ट आयुष्य ३० मिनिटं. मग सकाळी पूलमधलं एकेक मेलेलं कनेक्शन काढायचं, ५ सेकंद वाट बघायची, फेकायचं, पुढचं काढायचं, असं करत ३० सेकंद संपले की एक्सेप्शन. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का ते अधूनमधून विचारणारा) मदतीला येईल म्हणाल तर त्याचं डिफॉल्ट ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास, आणि तोही आधी सॉकेटवर चालू केलेला असावा लागतो. हिकारीमध्ये कीपअलाइव्ह टाइम दोन मिनिटं आणि मॅक्स लाइफटाइम नऊ मिनिटं केल्यापासून एकदाही झालं नाही. पण ही १० मिनिटांची मर्यादा त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये कुठे सापडली, तर बॅकअपच्या पानाच्या तळाला. बॅकअपच्या!

जेएमएक्स, म्हणजे चालू जावा ॲपवर लांबून नजर ठेवायची सोय, त्याबद्दल दोन ओळी, कारण कोणीतरी विचारणारच. पोर्ट एक उघडून चालत नाही, त्याच्या आतला आरएमआय (जावाचा लांबून कॉल करायचा प्रकार) दुसरा पोर्ट मनाने उचलतो आणि फायरवॉलवाल्यांचा जीव जातो. आरएमआय पोर्ट मुद्दाम तोच द्या, आरएमआय सर्व्हर होस्टनेम लोकलहोस्ट ठेवा आणि एसएसएच टनेलमधून जोडा, बाहेर काही उघडायची गरज नाही. रिमोट डीबगचंही (लांबून चालत्या ॲपमधल्या चुका शोधणं) तसंच, जावा ९ पासून नुसता पोर्ट दिला तर तो फक्त लोकलहोस्टवरच ऐकतो, जावा ८ वरून आलेल्यांना वाटतं बिघडलं. बिघडलेलं नाही, बरं केलंय, तो पोर्ट बाहेर उघडा टाकणं म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्याला आपल्या ॲपमध्ये हवा तो कोड चालवायची मुभा.

तर मार्क: मशीन पाच, वेब कन्सोल चार (कीबोर्डचा एक कापला), डेटाबेस तीन, फायरवॉल पॅनल दीड, सपोर्ट दिवसाचा दोन आणि रात्रीचा पाच. पुढच्या वर्षासाठी रिन्यू केलंय. हिरव्या टिकबद्दल वेगळं तिकीट टाकलंय, त्याला दिवसा उत्तर आलं, "कृपया आपलं ॲप्लिकेशन ०.०.०.० वर बाइंड आहे का तपासा". आता दीड वाजायची वाट बघून परत टाकणार आहे.