वॉरंटी नावाला, खिसा आपलाच
ठाण्यात घोडबंदर रोडवरचं सर्व्हिस सेंटर, नाव नाही घेत. गाडी घेताना एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारली, सगळं कव्हर आहे सर, बिनधास्त राहा. चौथ्या वर्षी एसी गार होईना, गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये नुसता घाम, म्हणून गाडी टाकली तर अ‍ॅडव्हायझर म्हणतो कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, कॉइल वॉरंटीत पण गॅस तुमचा, तो कन्झ्युमेबल. बरं बाबा. दोन दिवसांनी फोन, एक सर्व्हिस तुम्ही बाहेर केलीये, क्लेम रिजेक्ट. अरे ती तुमच्याकडेच केली, बुकलेटवर तुमचाच शिक्का आहे! ह्यांनी सिस्टीमला चढवलीच नव्हती. मग अप्रूव्हलला अजून सहा दिवस, तोवर मी रिक्षाने.

गाडी मिळाली तर डॅशबोर्डमधून कटकट आवाज आणि एक स्क्रू कप होल्डरमध्ये, म्हणजे उरला बहुतेक 😡 वर बिलात न विचारता इंजिन फ्लशिंग आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावतो म्हटल्यावर फ्लशिंग गुपचूप काढलं. आवाज अजून आहे. एक स्टार दिलाय तो गाडी धुणाऱ्या पोराला, काच मस्त पुसली होती.