कार्ड की ब्लॉकचेन? ऑनलाइन खरेदीआधी थोडा हिशेब

ऑनलाइन पैसे देताना भीती दोन असतात. एक, माझा कार्ड नंबर कुणीतरी चोरेल. दुसरी, विक्रेता पैसे घेऊन वस्तूच पाठवणार नाही. ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइनसारखं डिजिटल चलन ज्यावर चालतं ती अनेक संगणकांवरची सामायिक नोंदवही. तिची जाहिरात करणारे पहिल्या भीतीबद्दल भरभरून बोलतात.

आणि तिथे ते बरोबरही आहेत. कार्डाचा नंबर दुकानाला दिला, की पैसे ओढायची दोरी त्याच्या हाती जाते. ब्लॉकचेनवर पैसे आपण स्वतः पाठवतो. पैशांची गुप्त किल्ली (प्रायव्हेट की) आपल्याच वॉलेटमध्ये, म्हणजे ती सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये राहते, बाहेर जाते ती फक्त त्या एका व्यवहाराची डिजिटल सही. दुकानाचा सर्व्हर फुटला, तरी त्या सहीने दुसरा व्यवहार करता येत नाही. (आपला पत्ता आणि फोन नंबर मात्र तिथून फुटू शकतो, तो ब्लॉकचेन सांभाळत नाही.) अर्थात टोकनायझेशन (दुकानाकडे खऱ्या कार्ड नंबरऐवजी पर्यायी कोड ठेवणं) आणि ओटीपी आल्यापासून कार्डही पूर्वीइतकं उघडं राहिलेलं नाही.

दुसऱ्या भीतीपाशी पारडं फिरतं. कार्ड असेल तर बँकेकडे तक्रार करून चार्जबॅक, म्हणजे पैसे परत, मागता येतो. ब्लॉकचेनवर पक्का झालेला व्यवहार उलटवायला कुणीच नसतं. माल मिळूनही खोटी तक्रार करणाऱ्या ग्राहकांनी पोळलेल्या विक्रेत्याला हे हवंच असतं, ग्राहकाला नाही.

यावर तोडगा निघाला आहे: एस्क्रो, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे मध्येच अडकवून ठेवणं. तीन किल्ल्या असतात, ग्राहक, विक्रेता आणि मध्यस्थ यांच्याकडे एकेक. दोन सह्या जुळल्या तरच पैसे हलतात. २०१६ मध्ये सुरू झालेला ओपनबझार हा ऑनलाइन बाजार याच पद्धतीवर चालायचा, पण २०२१ मध्ये तो बंद पडला. शिवाय वाद झाला की निवाडा माणसालाच करावा लागतो. खोक्यात फोन निघाला की वीट, हे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला, कसं दिसणार?

वेगाचं म्हणाल, तर व्यवहार पक्का व्हायला तो आधी एका ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यात, जावा लागतो, आणि बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी बनतो. इतर काही ब्लॉकचेन बऱ्याच वेगवान आहेत.

माझं मत: विक्रेता अनोळखी असेल तर कार्डच वापरा. तुम्ही स्वतः विक्रेते असाल, त्यातही डिजिटल माल विकत असाल, तर ब्लॉकचेनचा पर्याय जरूर ठेवा. ग्राहक म्हणून तो वापरायचाच असेल, तर एस्क्रोशिवाय पैसे पाठवू नका. आणि वॉलेट सुरू करताना मिळणारे, ते पुन्हा उघडून देणारे बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहून ठेवा. ते हरवले तर ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारं तिथे कुणी नसतं.