दसरा ते पावसाळा: ४५ एचपी फोर-व्हील ट्रॅक्टर आणि लोडर, वापरानंतरचा अनुभव

मध्य प्रदेशात इंदूरजवळ खंडवा रोडला सिमरोलच्या बाजूला आमची वीस बिघे जमीन आहे, म्हणजे साधारण पाच हेक्टर. खालच्या अंगाला काळी माती, वरच्या अंगाला मुरूम आणि उतार. सोयाबीन, गहू, थोडा लसूण, पेरूची बाग, लहानसा गोठा, एक शेततळं आणि राहायला दोन खोल्या. अशा जागेवर नांगरट-पेरणी वर्षातले मोजके दिवस चालते. बाकी वर्षभर नुसती उचल-ठेव: शेणखत ट्रॉलीत भरा, पावसाने धुऊन नेलेल्या रस्त्यावर मुरूम टाका, तळ्यातला गाळ काढा, घाणेरी उपटा, कुंपणाचे सिमेंटचे खांब आणि खताच्या गोण्या इकडून तिकडे न्या. ट्रॅक्टर घेतला तो या कामांसाठी, आणि हा अनुभवही त्याच कामांचा आहे. नुसतं शेत कसणाऱ्याची गरज वेगळी असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी घटस्थापना होती. आम्ही तोवर थांबलो आणि दसऱ्याला ट्रॅक्टर शेतावर आला. ४५ एचपी, फोर-व्हील म्हणजे चारही चाकांना गती, पॉवर स्टिअरिंग, पुढे लोडर म्हणजे बकेट लावलेले उचलायचे हात. कंपनीचं नाव देत नाही, कारण जे सांगायचं आहे ते आकाराबद्दल आहे आणि ते कुठल्याही रंगाच्या ट्रॅक्टरला लागू पडतं.

शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, "कितने बीघे हैं?" आणि दुसरा, "कितने हॉर्स का चाहिए?" आमच्या काकांचंही तेच चाललं होतं: "घेतोच आहेस तर पन्नासच्या वरचा घे, पुन्हा पुन्हा होत नाही." उचलण्याच्या कामात मात्र एचपीवरून फार थोडं कळतं. जॉन डिअर ५०५०डी ५० एचपीचा, त्याच्या मागच्या लिफ्टची क्षमता १६०० किलो. कुबोटा एमयू४५०१ हा ४५ एचपीचा आणि क्षमता १६४० किलो. पाच एचपी कमी, तरी उचल कमी नाही. वजन उचलतो तो हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर. ते वजन पेलतात एक्सल, टायर आणि ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन. इंजिनाचा नंबर त्यानंतर येतो.

आता हे १६०० किलोसुद्धा नीट समजून घ्यायला हवेत. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा लिफ्टच्या खालच्या दोन हातांच्या टोकाशी, म्हणजे जिथे अवजाराची पिन बसते तिथे मोजलेला असतो. आपलं ओझं तिथे कधीच नसतं, ते आणखी मागे असतं. आपल्याच राज्यात सीहोर जिल्ह्यात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर तपासले जातात आणि त्यांचे अहवाल निघतात. त्यात उचल दोन ठिकाणी दिलेली असते, एक हातांच्या टोकाशी आणि दुसरी तिथून ६१० मिलिमीटर मागे. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी असतो, आणि मागे लावायच्या फाट्यांवर गोण्यांची थप्पी उचलायची असेल तर आपल्या कामाचा तोच. पीटीओवर, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, खरी ताकद किती मिळते हेही त्या अहवालात असतं. इंजिनाच्या ४५ एचपीपैकी पीटीओवर चाळीसच्या आत-बाहेरच येतात. तुमच्या पसंतीच्या मॉडेलचा बुदनीचा अहवाल डीलरकडे मागा. मी मागितला तेव्हा आधी थोडी टाळाटाळ झाली, पण मिळाला, आणि दोन मॉडेल त्यावरूनच यादीतून गेली.

पुढच्या लोडरचं गणित मागच्या लिफ्टपेक्षा अवघड आहे. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागात लोडर लावलेले बरेच ट्रॅक्टर मागे काहीही न लावता फिरताना दिसतात आणि पाहून जीव धास्तावतो.

समजा बकेट ०.३ घनमीटरची आहे. ओलसर मुरूम भरला की आत ५०० किलोच्या आसपास ओझं झालं. हे ओझं पुढच्या एक्सलच्या साधारण १.२ मीटर पुढे लटकतंय. दोन्ही एक्सलमधलं अंतर २ मीटर धरा. तरफेच्या साध्या हिशोबाने मागच्या चाकांवरचं ३०० किलो वजन नाहीसं होतं आणि पुढच्या एक्सलवर ५०० नाही, ८०० किलो वाढतं. लोडरच्या लोखंडाचं वजन वेगळंच. आपल्याकडच्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. दोन चाकी गतीच्या ट्रॅक्टरची ओढही मागच्याच चाकांची. म्हणजे भरलेली बकेट घेऊन उतारावरून येताना, जेव्हा ब्रेक सर्वांत जास्त हवा असतो, तेव्हाच मागची चाकं हलकी झालेली असतात.

उपाय स्वस्त आहे. २०० लिटरचा लोखंडी ड्रम काँक्रीटने भरला की ४८० किलोच्या आसपास होतो. भरतानाच त्यात खालच्या हातांसाठी आडवा दांडा आणि टॉप लिंकसाठी, म्हणजे लिफ्टच्या वरच्या तिसऱ्या हातासाठी, कडी बसवून घेतली आणि तो लिफ्टला लावला. मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे हे वजन आलं की मागच्या चाकांवर ४८० नाही, ७२० किलो वाढतं, आणि पुढच्या एक्सलवरचं २४० किलो कमी होतं. या शेवटच्या २४० किलोंसाठीच मी ड्रमचा एवढा आग्रह धरतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरणं चांगलंच आहे, आम्ही भरलंय, पण त्याचं वजन एक्सलच्या बरोबर वर बसतं. मागची पकड त्याने वाढते, पुढच्या एक्सलचं ओझं मात्र एक किलोनेही कमी होत नाही. दांडा करून घेताना एक पाहा: ४५ एचपीच्या वर्गात कुठे पहिल्या कॅटेगरीची २२ मिलिमीटरची खालची पिन लागते, कुठे दुसरीची २८ मिलिमीटरची. आपल्या ट्रॅक्टरची मोजूनच वेल्डरकडे जा.

फोर-व्हील घेतला तो पुढच्या एक्सलवरच्या या ओझ्यासाठीच, चिखल हे दुसरं कारण. पुढच्या एक्सलला गती मिळणारा ट्रॅक्टर मुळातच पुढून जाड बांध्याचा असतो. साध्या ट्रॅक्टरचं ६.००-१६ चं पुढचं टायर लोडरखाली कसं पसरतं ते शेजारच्या शेतात पाहिलंय. शिवाय चार चाकांची गती लावली की मागचे ब्रेक दाबताना पुढची चाकंही शाफ्टमधून धरली जातात. आमच्या वरच्या वावरातून खाली येताना गती लावल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, हा नियम घातलाय. सपाट डांबरी रस्त्यावर मात्र ती काढून ठेवायची, नाहीतर टायर आणि गिअर दोन्ही खातात.

महिन्यांच्या हिशोबाने सांगायचं तर दिवाळीनंतर शेणखताची ट्रॉली भरण्यापासून सुरुवात झाली. चार माणसं सकाळभर जे भरायची ते आता नाश्त्याच्या आधी होतं. शेणखत मुरमापेक्षा पुष्कळ हलकं, त्यामुळे बकेट गच्च भरली तरी ट्रॅक्टरला जाणवत नाही. गव्हाची पेरणी आणि रोटाव्हेटर या ट्रॅक्टरने सहज केलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाने घेतली. वाळलेला गाळ ठीक, पण खालचा ओला थर चिकट आणि वजनदार, बकेटमधून सुटता सुटत नाही. इथे कळलं की लोडरचं निम्मं काम क्लचचं आहे. पुढे, मागे, पुढे, मागे, दिवसभर. पुढे-मागेची शटल लिव्हर आणि बाजूचे गिअर हे शोरूममध्ये चैनीचे वाटतात, पण लोडर लावणार असाल तर एचपीसाठी जे पैसे वाढवणार होतात ते इथे घाला. आमच्या चालकाचा गुडघा जुन्या ट्रॅक्टरवर दुखायचा, या उन्हाळ्यात त्याने एकदाही तक्रार केली नाही. डिझेल लोडरच्या कामात तासाला साडेतीन-चार लिटरच्या आसपास जातं.

मग पाऊस आला. काळी माती ओली झाली की ४८० किलोचा ड्रम, पाणी भरलेले टायर आणि लोडर हे सगळं ओझं शत्रूसारखं वागतं. जून उजाडला की लोडर आणि ड्रम दोन्ही काढून ठेवायचे आणि खालच्या वावरात अजिबात जायचं नाही. वरच्या मुरमाच्या भागात मात्र भर पावसातही रस्ता नीट करता आला, आणि दरवर्षी दुधाची गाडी अडायची ती यंदा अडली नाही. मला सर्वांत जास्त आनंद या गोष्टीचा झाला.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. लोडर ज्या वर्कशॉपने बसवला त्यांनी चौकट नट-बोल्टने कायमची जखडली होती, काढायला अर्धा दिवस जायचा. पुढे आम्ही स्टँडवर उभा राहणारा, पिनांवर निघणारा जोड करून घेतला. घेतानाच तसा मागा. पुढच्या हबचं सील गहू कापणीच्या सुमारास गळायला लागलं, ते बदलावं लागलं. लोडर लावल्यावर वॉरंटी कशी लागू राहते ते डीलरकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. भुसा उडत असला की रेडिएटरची जाळी दिवसातून दोनदा झटकावी लागते. लोडरच्या प्रत्येक पिनेला आठ-दहा तासांनी ग्रीस हवंच, एकदा पिन आणि बुश झिजले की बकेट कायमची वाकडी चालते.

पेरूच्या बागेत हा ट्रॅक्टर मोठा पडतो. ओळींच्या टोकाला वळताना लोडर फांद्यांना घासतो. तिथे शेजाऱ्यांचा मिनी ट्रॅक्टर येतो तेव्हा हेवा वाटतो. महिंद्राचा जिवो २४५ पाहा: २४ एचपी, फोर-व्हील, मागची उचल ७५० किलो. बागेतल्या फवारणीला, लहान रोटाव्हेटरला, गोठ्यातलं खत ओढायला या आकाराला तोड नाही. पण त्याच्या अंगाचं वजनच कमी. ५०० किलोचं ओझं पुढे घेऊन उतारावर उभं राहायला जो भार लागतो तो त्याच्याकडे नाही, आणि तो जबरदस्तीने आणायचा म्हटलं तर एक्सल सोसणार नाही. दुसरीकडे, ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू आहेत. त्यामुळे इंजिन महाग झालं आणि दुरुस्ती गावातल्या मिस्त्रीच्या हातातून गेली. वीस बिघ्यांच्या जागेला तो खर्च पेलण्याचं कारण मला सापडलं नाही. काकांनाही हे कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं, पण वजनदार घे." त्यांचं हे वाक्य अगदी बरोबर होतं. एकाच एचपीच्या दोन ट्रॅक्टरमध्ये दीड-दोनशे किलोचा फरक असतो. लोडरसाठी त्यातला जड निवडा.

आता बाभळीच्या बुंध्यांबद्दल, कारण या कामात माणसं जिवाला मुकतात. बुंधा ओढायचा तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्यालाच, अडकवायची. टॉप लिंकला किंवा उचललेल्या हातांना कधीही नाही. ओढीची जागा मागच्या एक्सलच्या वर गेली आणि बुंधा हलला नाही, तर चाकं जागच्या जागी रुतून ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालकाच्या अंगावर उलटा पडतो. विचार करायला क्षणभरही मिळत नाही. आम्ही आधी लोडरच्या बकेटने भोवतालची माती मोकळी करतो, मुळं तोडतो आणि मगच ओढतो. बकेट भरलेली असो वा रिकामी, चालताना गुडघ्याच्या उंचीवर ठेवायची. तिच्यात माणूस उभा करून आंबे काढणं किंवा वायर बांधणं आमच्या शेतावर बंद आहे, कोणी कितीही आग्रह केला तरी.

कोणी विचारलं तर मी असं सांगेन. पाच-सात बिघ्यांची बाग आणि गोठा, सपाट जमीन: २४ ते २८ एचपीचा फोर-व्हील मिनी घ्या आणि मुरूम-गाळासाठी वर्षातून एकदा भाड्याचं मशीन बोलवा. पंधरा ते तीस बिघे, उतार, सतत भरणं-उपसणं: ४० ते ५० एचपी, फोर-व्हील, अंगाचं वजन दोन टनांच्या आसपास, शटल गिअर, मागे ड्रम. शोरूमला जाण्याआधी तुमची सर्वांत जड नेहमीची वस्तू काट्यावर वजन करून घ्या आणि गोठ्याच्या दाराची उंची फीत लावून मोजा. आमच्या दाराचा लिंटेल दसऱ्याआधी एक फूट वर घ्यावा लागला, आणि ते काम ट्रॅक्टर दारात उभा असताना करण्यापेक्षा आधी केलेलं स्वस्त पडतं.