जुना डॉट मॅट्रिक्स, नवा लॅपटॉप: केबल घ्यावी, कार्ड टाकावं का लेझरच घ्यावा?

बेळगावात रविवार पेठेत आमच्या काकांचं दुकान आहे, तिथं एपसनचा एलएक्स-३०० प्लस हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून ठणठणीत चालतो, पण जुना पीसी गेला आणि नवीन लॅपटॉपला पॅरलल पोर्टच (जुन्या प्रिंटरची रुंद केबल लावायची जागा) नाही. काका म्हणाले, "प्रिंटर चांगला असताना नवा कशाला घेऊलास?" मग मी यात डोकं घातलं. निपाणी-खानापूरकडं पण बऱ्याच दुकानांत हाच प्रश्न असणार म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक बघा, बिलाच्या कार्बन कॉप्या लागतात का? लागत असतील तर लेझर विसरा. लेझर असो का इंकजेट, कागदावर दाब पडतच नाही, खालच्या कागदावर काही उमटत नाही, म्हणजे तीन प्रतींना तीनदा प्रिंट. डॉट मॅट्रिक्सच्या ९ पिना रिबनवर ठोकतात म्हणून एका फटक्यात काम होतं. एकच प्रत लागते आणि मराठी-कन्नड बिलं काढायची असतील तर मात्र लेझर सरस, कारण डॉट मॅट्रिक्सच्या आत आपली लिपी नाहीच, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) अक्षरांचं चित्र करून पाठवतो आणि एक पान निघेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळतं. केबल बदलून हा वेग वाढत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता प्रिंटर ठेवायचा ठरलं तर केबल का कार्ड (डेस्कटॉपच्या आत बसवायचं, पॅरलल पोर्ट देणारं)? बिलिंग विंडोजमधलं असेल तर यूएसबी टू पॅरलल केबल घ्या, स्वस्त आणि सुटसुटीत. फक्त प्रिंटरकडचं टोक ३६ पिनांचं बघून घ्या, २५ पिनांचं थेट बसत नाही. लावल्यावर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट एलपीटी१ (विंडोजमधलं पॅरलल पोर्टचं नाव) काढून यूएसबी००१ (यूएसबीवरच्या प्रिंटरचं) करा, बरेच जण इथंच अडकतात आणि केबल खराब म्हणून परत करतात.

डॉसचं (विंडोजच्या आधीच्या काळ्या स्क्रीनचं) जुनं सॉफ्टवेअर असेल तर केबल घेऊ नका असंच मी म्हणेन. ते सरळ एलपीटी१ वर छापायला बघतं आणि ही केबल एलपीटी१ तयारच करत नाही. प्रिंटर शेअर करून विंडोजच्या नेट यूज कमांडनं त्याला एलपीटी१ चं नाव देऊन जोडता येतं, पण विंडोज ११ फक्त ६४ बिट, त्यात १६ बिटचे डॉस प्रोग्राम थेट चालतच नाहीत, मग दोन-दोन जुगाड. त्यापेक्षा ३२ बिट विंडोज (त्यात हे प्रोग्राम चालतात) असलेला जुना डेस्कटॉप घ्या आणि त्यात पॅरलल पोर्टचं कार्ड बसवा, खरा पोर्ट मिळतो. लॅपटॉपला हा मार्ग नाही.

विंडोज एक्सपीचा जुना पीसी नेटवर्कवर ठेवून त्याचा प्रिंटर शेअर करा असं कोणी सांगेल, तर नको. त्याला लागणारं जुनं एसएमबी१ (नेटवर्कवर फाइल-प्रिंटर वाटायची पद्धत) नवीन विंडोजमध्ये बंद असतं, आणि २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच्यातल्याच भोकातून पसरला. हिशेबाच्या मशीनवर ते उघडू नका.

आम्ही केबल घेतली, काम चालू आहे. जुनी पॅरलल केबल मात्र टाकू नका, पुढं कार्ड घेतलंत तर तीच लागणार.