जागलीसाठी घेतलेले लोकरीचे कपडे, दोन हिवाळे वापरून

आधीच सांगून देतो, मी शिकारी नाही, शिकार तं १९७२ च्या कायद्यानं बंद झाली. पण थंडीच्या कपड्यांचं नेटवर शोधलं की बाहेरदेशातले शिकारीच जास्त बोलून राहिले असतात, अन काम तं सारखंच आहे, रात्रभर एका जागी गप बसायचं अन कान देऊन ऐकायचं. फरक एवढाच की त्यांना जनावर जवळ यायला पाहिजे अन मले ते पळायला पाहिजे. चार एकर चना, मागं जंगल, रोही अन डुकरं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी मचानावरच.

पहिले मी जाड स्वेटर अन वरून नायलॉनचं जर्किन घालायचो. वावरात पोहचेपर्यंत घाम यायचा अन मचानावर बसलं की तोच घाम थंडगार होऊन पाठीला चिकटायचा. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरले ३.५ डिग्री होतं, तेव्हा मी त्याच स्वेटरवर होतो, दात वाजायचे थांबले नाही बा. तो स्वेटर प्युअर वूल म्हणून घेतलेला, पुढं त्याचा एक धागा जाळून पाहिला तं प्लास्टिकसारखा वितळून कडक गोळी झाली, म्हणजे अ‍ॅक्रेलिक. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येते अन राख बोटात चुरते. दुकानदारासमोर धागा जाळायची हिंमत आपल्याले होत नाही ते सोडा.

मग अंगालगत घालायची मेरिनो मेंढीच्या लोकरीची पातळ बनियन घेतली, अडीच हजार गेले, घरी बोलणी खाल्ली. पण वसूल झाले. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते तरी अंगाले ओली लागत नाही, हे वाचलं होतं, पटलं तं ओलिताच्या रात्री. लाइन रात्रीचीच येते, स्प्रिंकलरचे पाइप बदलता बदलता बाह्या भिजल्या, तरी हुडहुडी भरली नाही. मेरिनोचा धागा बारीक असते म्हणून टोचत नाही, आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, ती अंगालगत नाही चालत.

तिची जागा वर. बाबांचं जुनं घोंगडं मी वरून घेतो, दव आतपर्यंत येत नाही. जड आहे, पूर्ण भिजलं तं उचलवत नाही अन वास असा की कुत्रंही दूर बसते. पण शेकोटीची ठिणगी पडली तं जागच्या जागी विझते, जर्किनले मात्र भोकं पडली होती. अन मुख्य म्हणजे आवाज नाही. हे शिकारी लोकांचं एकदम खरं निघालं, जर्किन हात हलवला की खसखस करते अन चन्यात डुक्कर शिरल्याची खसखसही तशीच, अर्धी रात्र मी स्वतःच्याच बाहीवर टॉर्च मारायचो. त्याच कारणानं कानटोपी जाड नको, मफलर सैल बांधा.

तक्रारी आहेतच. कुसळं अन गोखरू लोकरीले असे धरतात की सकाळी अर्धा तास वेचण्यात जाते. पहिली बनियन मीच गरम पाण्यात मशीनमध्ये टाकली, ती आता पोरगा घालते. दुसरी थंड पाण्यात हातानं धुतो, पिळत नाही, सावलीत आडवी पसरवतो. पावसाळ्यात पेटीत डांबरगोळ्या टाकायच्या राहिल्या तं कोपराजवळ किड्यानं दोन भोकं पाडली, बायकोनं रफू करून दिलं.

पायाचं मात्र अजून जमलं नाही, गमबुटात सुती मोजे घालून राहिलो अन तीन वाजता बोटं बधिर. यंदा तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागली की लोकरीचे मोजे पाहतो, काडीपेटी खिशात घेऊनच जातो.