मुलींच्या कप्प्यातली हाफ पँट

ठाण्यात गावदेवी मैदानाच्या आसपासच्या एका गल्लीत गणवेशाचं जुनं दुकान आहे. आत दोन शिलाई मशिनं, एक ओव्हरलॉक आणि छतापर्यंत रचलेली खोकी. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ते चालवणाऱ्या काकांनीच तसं सांगितलंय. जूनमध्ये आहे ते गिऱ्हाईक त्यांना आवरत नाही. पण त्यांच्याकडे यंदा मला जे मिळालं ते लिहायलाच हवं. दोन नातवंडांचे कपडे घ्यायला गेले होते, आणि दोघांच्याही बाबतीत प्रश्न एकच होता: हे मुलींचं आहे की मुलांचं?

मी अंगणवाडीत सत्तावीस वर्षं काम केलं. तीन ते सहा वर्षांची पोरं माझ्या हाताखालून गेली. हाफ पँटचा हूक आणि चेन यांनी जेवढी मुलं रडवली, तेवढी बागुलबुवानेही रडवली नसतील. मुलगा शू करायला उठतो, पोट आत घेतो, दोन्ही हातांनी हूक ओढतो, तो निघत नाही, आणि तिथेच पँट ओली होते. मग तो कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. मुलींना हा त्रास कमी, कारण त्यांच्या कपड्याला कंबरेत इलॅस्टिक. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं, पण मुलाला इलॅस्टिकचं घाला असं आईबापांना ठामपणे सांगितलं नाही, याची मला आता खंत वाटते.

माझा नातू श्लोक यंदा सीनियर केजीत गेला. शाळेचा गणवेश आधी दुसऱ्याच एका दुकानातून घेतला होता. तिथे सेटच घ्यावा लागतो: शर्ट, हूक-चेनची हाफ पँट, पट्टा, मोजे. पहिल्या आठवड्यात श्लोक तीनदा पँट भिजवून आला. मी त्याला घेऊन त्या दुकानात परत गेले आणि इलॅस्टिकची हाफ पँट मागितली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, इलॅस्टिकमध्ये फक्त मुलींचं स्कर्टसारखं डिव्हायडर येतं. नातवाला डिव्हायडर घालणार का?" बाजूची दोन गिऱ्हाइकं हसली. श्लोकने माझा पदर धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. कळवा पुलावर रिक्षा अडकली होती, तेव्हा हळूच विचारलं, "आजी, मी मुलगी आहे का?" त्या दुकानदाराला एवढंच सांगावंसं वाटतं की समोर पाच वर्षांचं लेकरू उभं होतं.

शेजारणीने या काकांचं दुकान सांगितलं. तिथली पद्धत वेगळी आहे. काका आधी शाळेचं नाव विचारत नाहीत, इयत्ताही विचारत नाहीत. मुलाला पुढ्यात उभं करतात आणि म्हणतात, "मांडी घालून बस. आता उठ. आता उकिडवा बस. आता उडी मार." कपडा कुठे ताणतो, कंबर मागून उघडी पडते का, हे बघूनच टेप हातात घेतात. श्लोकने पहिल्या उडीलाच हसायला सुरुवात केली.

मी त्यांना हूकचं सांगितलं. त्यांनी मुलींच्या कप्प्यातून त्याच गडद निळ्या रंगाचं एक डिव्हायडर काढलं. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: डिव्हायडर समोरून स्कर्टसारखा दिसतो, पण आत दोन पाय वेगळे असतात. काकांनी ते मेजावर पसरलं आणि पुढची झडप बोटाने उचलली. खाली साधी, सैल हाफ पँट. मी इतकी वर्षं मुलींना डिव्हायडरमध्ये बघत आले आणि ती झडप कधी अशी उचलून पाहिली नव्हती. मुलींचा आणि मुलांचा कपडा म्हणून ज्यावरून दुकानात माझ्या नातवाला हसले, तो फरक म्हणजे वीतभर कापड.

काकांनी ब्लेडने दोन टाके तोडले, झडप उसवून बाजूला ठेवली आणि कडेला टीप मारली. डिव्हायडरला खिसा नव्हता. मग त्या झडपेच्याच कापडातून त्यांनी खिसा कापला आणि उजवीकडे लावायला घेतला. श्लोक म्हणाला, "इकडे नको, इकडे." तो डावखुरा आहे. खिसा डावीकडे लागला. आतल्या लेबलवर 'गर्ल्स 22' लिहिलेलं होतं, ते त्याला अजून वाचता येत नाही, पण त्याने विचारलंच, "ही मुलींची आहे?" काका मशिनवरून मान वर न करता म्हणाले, "बावीस इंच कंबरेची आहे. तुझी किती आहे, आजीला मोजायला सांग." मी मोजली. बावीस. तो विषय तिथे संपला.

डावखुरेपणावरून काकांना आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती मला आजवर कोणी सांगितली नव्हती. मुलांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, काजं डाव्या बाजूला. मुलींच्या शर्टात उलट. उजव्या हाताच्या मुलाला उजव्या हातात बटण धरून काजात ढकलणं सोपं जातं. डावखुऱ्याला तेच मुलींच्या शर्टात सोपं जातं. काका म्हणाले, "याच्या बहिणीचा जुना शर्ट आहे ना घरी? तो घालून बघा." अनूचा पांढरा शर्ट कपाटात पडलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी श्लोकने पाचही बटणं स्वतः लावली. आधी वरची दोन मीच लावून द्यायचे. बहिणीचा शर्ट भावाला चालत नाही म्हणून आपण किती चांगले कपडे भांडीवालीला दिले असतील!

घरी मात्र माझा मुलगा बिथरला. "आई, शाळेत चिडवतील त्याला. मुलींची पँट आणि मुलींचा शर्ट, दोन्ही?" मी त्याच्यावर रागावले नाही. बापाला ही भीती वाटते, आणि ती खोटी नाही. पण त्याला आठवण करून दिली की तो स्वतः वर्षभर झबल्या-टोपड्यात होता, आणि त्याच्या आत्याचीच झबली त्याच्या अंगावर होती. आणि माझी आई नऊवारीचा काष्टा घालून भातलावणी करायची. दोन पायांतून कापड घेऊन मागे खोचलं की चिखलात वाकता येतं, बांधावरून उडी मारता येते. तिच्या शेजारी वडील धोतराचा काष्टा घालून उभे असायचे. दोघांचाही काष्टा, कारण दोघांचंही काम तेच. मुलीने पाय मोकळे ठेवावेत आणि मुलाने हूक लावावा, हे आमच्या घरात कधी ठरलं ते मला तरी आठवत नाही.

दीड महिना झाला. शाळेत कोणाच्या लक्षातही आलेलं नाही. श्लोकच्या बाईंनी एवढंच सांगितलं की तो आता एकटा जाऊन येतो.

अनूचं प्रकरण जास्त नाजूक होतं. ती सहावीत आहे, सायकलने खारेगावच्या शाळेत जाते. गेल्या वर्षीपासून तिची पाळी सुरू झाली आणि तेव्हापासून महिन्याचे ते चार दिवस ती स्कर्ट घालून सायकलवर बसायला तयार नसे. बाप सोडायला जायचा, नाहीतर दांडी. शाळेच्या पत्रकात मुलींसाठी स्कर्ट किंवा सलवार-कमीज आणि मुलांसाठी फुल पँट असं छापलेलं. ओढणी चाकात अडकते म्हणून तिला सलवार-कमीज नको. ती म्हणाली, "मला फुल पँट पाहिजे." सूनबाई शाळेत जाऊन बाईंना भेटली. बाई म्हणाल्या, रंग आणि कापड तेच असेल तर आमची हरकत नाही, मुलीने कधी मागितलीच नव्हती. सूनबाईने ते त्यांच्याकडून डायरीत लिहून घेतलं. तुम्हीही लिहूनच घ्या, गेटवरच्या माणसाला दाखवायला बरं पडतं.

काकांकडे मुलांची फुल पँट अनूच्या मापाची होती: कंबर 26, उंची 36. पण ती घालून मांडी घालायला सांगितल्यावर सीटवर ताणली आणि कंबर मागे उघडी पडली. इथे काकांनी सरळ सांगितलं की या वयात मुलीच्या अंगाला मुलाचा कट जसाच्या तसा बसत नाही. कंबर आणि सीट यांतला फरक मुलींमध्ये जास्त असतो, म्हणून मागचं आसन वाढवावं लागतं आणि कंबरेला मागे दोन टक्स, म्हणजे कापड दुमडून शिवलेल्या चुण्या, घ्यावे लागतात. त्यांनी तयार पँट विकलीच नाही. कापड काढलं आणि नवीन शिवून दिली. अनूला विचारलं, "खिसे किती खोल हवेत?" तिने बोटांनी दाखवलं. काका म्हणाले, "अजून दोन इंच देतो, वस्तू वर दिसायला नको." कसली वस्तू ते त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पासष्टीच्या त्या माणसाने माझ्या नातीची लाज राखली, म्हणून मी त्यांना हात जोडले.

2024-25 मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळांसाठी एकच गणवेश आणला, तेव्हा त्यातही लहान मुलींना पिनो फ्रॉक (शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक), मग शर्ट-स्कर्ट, सहावीपासून सलवार-कमीज आणि मुलांना सातवीपर्यंत हाफ पँट अशीच विभागणी होती. केरळात मात्र एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगरा गावच्या प्राथमिक शाळेत मुलगे आणि मुली सगळेच गुडघ्याखाली येणारी पँट आणि शर्ट घालतात. 2021 च्या डिसेंबरात कोझिकोडजवळच्या बालुसेरीच्या सरकारी शाळेत अकरावीच्या मुलींनाही मुलांसारखाच पँट-शर्ट दिला. तिथे विरोधही झाला, पण मुलींना धावता येतं, बसमध्ये चढता येतं, ही बाजू कोणाला खोडता येणार? माझा आग्रह एवढाच आहे की सक्ती कशाचीच नको. अनूच्या वर्गातल्या एका मुलीला स्कर्टच आवडतो. तिला तो घालू द्या.

आणि मुलाला स्कर्ट? काकांना मी हेही विचारलं. ते म्हणाले, "ताई, अजून कोणी मागितला नाही, मागितला तर माप घेईन." इंग्लंडमध्ये एक्सेटर शहरातल्या शाळेत 2017 च्या जूनमध्ये खूप उकाडा होता. मुलांना हाफ पँटची परवानगी नव्हती, म्हणून तीसएक मुलगे मुलींचे स्कर्ट घालून शाळेत आले. त्यांना हवा लागत होती, बस्स. आपल्याकडे मे महिन्याच्या घामात वाढलेल्या माणसाला हे समजायला कठीण नाही. लुंगीत बसलेला बाप मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार की खालून उघडा कपडा बायकी असतो?

काका खरोखर फक्त मुलींचं म्हणून बाजूला ठेवतात त्या गोष्टी फार थोड्या: छातीला टक्स असलेली कमीज आणि शमीज. तेही वयात आलेल्या मुलींसाठी. बाकी पट्ट्याचे वेल्क्रो बूट, इलॅस्टिकची पँट, पुढून बटणं असलेला स्वेटर, लेगिंग हे सगळं ते माप बघून कोणालाही देतात. ज्यांच्या मुलांना नाडी बांधता येत नाही, त्यांनी पट्ट्याचे बूट मुलालाही बिनधास्त घ्यावेत. श्लोकला मी तेच घेतले, 450 रुपये.

आता उणिवा. गडद निळ्या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात सुटला आणि अनूचे दोन जोड पांढरे मोजे गेले. पहिली दोन धुणी वेगळीच करा. कपडे घालून बघायला वेगळी खोली नाही, नुसता पडदा आहे आणि तो नीट सरकत नाही. मोठ्या मुलींसाठी हे बरोबर नाही. मी काकांना तसं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण पुढच्या खेपेला पडदा तसाच होता. फुल पँट आठवड्यात मिळेल म्हणाले आणि अकरा दिवस लावले. आणि फुल पँटचा एक तोटा दुकानाचा नाही, पावसाचा आहे: जुलैत पाय घोट्यापर्यंत भिजतात आणि जाड टेरीकॉट वाळायला दोन दिवस लागतात. एक जादा जोड लागतोच. शिवलेल्या फुल पँटचे 620 पडले, डिव्हायडरचे 380, खिसा लावण्याचे काकांनी पैसे घेतले नाहीत.

जायचं असेल तर सोमवारी ते शुक्रवारी, बाराच्या आत जा. मुलाला बरोबर न्या, नुसतं माप घेऊन गेलात तर काका परत पाठवतात. मोबाईलवरून पैसे घेतात. अनूच्या पँटला खाली अडीच इंचांची दुमड ठेवलीय. दिवाळीनंतर उसवायला या म्हणालेत.